नातवाचं नाव दिमित्रिस ठेवतायत, या ग्रीक नावाचा अर्थ काय?

सदाफुली
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या. माझी लेक ग्रीसमध्ये थेसालोनिकीला असते, जावई तिथलेच. मार्चमध्ये नातू झाला, आता ऑक्टोबरमध्ये बाप्तिस्मा आणि तेव्हाच नाव. नाव ठरलेलंच आहे, दिमित्रिस, म्हणजे माझ्या व्याह्यांचं नाव. पहिल्या मुलाला बापाच्या वडिलांचं नाव द्यायचं अशी तिकडे पद्धत आहे, त्यामुळे कुणी कुणाला विचारायचा प्रश्नच आला नाही. खरं सांगू, मला थोडं लागलं. वही घेऊन बसले होते मी, अ पासून नावं काढत. असो. आता इकडे जो तो विचारतो अर्थ काय आणि मला धड सांगता येत नाही. जाऊबाई म्हणतात हे रशियन नाव आहे, भाचा म्हणतो दि म्हणजे दोन आणि मित्र म्हणजे मित्र, म्हणून दोन मित्र. नेटवर एका ओळीत काहीतरी देवीचा भक्त असं सापडलं, त्याने समाधान होईना. कुणाला नीट माहीत असेल तर सांगा ना. उच्चारही सांगा, मी ड म्हटलं की लेक फोनवर हसते.

ओटीवरचा झोपाळा
आधी अभिनंदन आजी! भाच्याला सांगा, मित्राशी याचा काही संबंध नाही, कानाला तसं वाटतं एवढंच. मूळ प्राचीन ग्रीक नाव देमेत्रिओस. त्यात देमेतेर हे देवीचं नाव आणि पुढे -इओस हा प्रत्यय, म्हणजे तिचा, तिच्या मालकीचा, तिला वाहिलेला. आपल्याकडे शिवाचा तो शैव, विष्णूचा तो वैष्णव, अगदी त्याच चालीवर. डायोनिससवरून दिओनिसिओस, अपोलोवरून अपोलोनिओस, अशी ढीगभर नावं ग्रीकांनी याच साच्यातून काढलीत.

आता देमेतेर. ही ऑलिंपसवरच्या मोठ्या देवांपैकी, पिकाची, धान्याची देवी. तिच्या नावातलं मेतेर म्हणजे आई. हा आपल्या मातृचा सख्खा भाऊ बरं का, लॅटिन मातेर, इंग्रजी मदर, फारसी मादर सगळे एकाच घरातले. पुढचं दे मात्र वादाचं आहे. जुने ग्रीक स्वतः म्हणायचे की दे म्हणजे गे, पृथ्वी, म्हणून ही पृथ्वीमाता, पण आजच्या भाषाशास्त्रज्ञांना ती फोड सरसकट पटत नाही, कुणी तिचा धान्याशी संबंध लावतं. आईबद्दल मात्र फारसा वाद नाही. तेव्हा कुणी विचारलं तर बिनधास्त सांगा, धान्य देणाऱ्या आईला वाहिलेला.

सदाफुली
अहो काय सांगता, आई आहे त्यात? मला वाटलं होतं कुठलातरी सेनापती वगैरे निघेल.

ओटीवरचा झोपाळा
सेनापतीही आहेत, काळजी नको. अलेक्झांडरनंतरच्या धुमश्चक्रीतला दिमित्रिओस पोलिओर्केतेस, म्हणजे नगरांना वेढा घालणारा, त्याने इ.स.पू. ३०५ मध्ये ऱ्होड्सला भलेमोठे मनोरे उभारून वेढा घातला होता आणि तरी ते शहर पडलं नाही. त्याच सुमाराला अथेन्सवर फालेरॉनच्या दिमित्रिओसने दहा वर्षं सत्ता चालवली. म्हणजे ख्रिस्ताच्या आधीही हे नाव गल्लोगल्ली होतं.

घारापुरी एक्सप्रेस
जाऊबाईंचंही अगदीच चुकलं नाही. रशियात दमित्री म्हणून हे नाव प्रचंड चालतं, घरात दिमा किंवा मित्या म्हणतात, मूलद्रव्यांचा तक्ता मांडणारे मेंडेलीव्ह दमित्रीच. पण तिकडे ते गेलं ग्रीक चर्चबरोबर. बल्गेरियात दिमितर, रोमानियात दुमित्रू, सर्बियात दिमित्रिये आणि मितर. सर्बियातलं स्रेमस्का मित्रोवित्सा हे गावसुद्धा याच नावाच्या संतावरून. म्हणजे गंगोत्री ग्रीसमध्ये आणि पाणी सगळीकडे.

अथेन्सची पायवाट
मी अकरा वर्षं अथेन्सला आहे, माहेर सांगली. उच्चाराचं मी सांगते. पहिलं अक्षर आपल्या द च्या जवळचं, पण जीभ दातांना घट्ट चिकटवायची नाही, हलकेच लावून हवा सोडायची. ड तर अजिबात नाही. जोर मि वर, दिमीऽत्रिस. कागदावर दिमित्रिओस, रोजच्या बोलण्यात दिमित्रिस. जुन्या ग्रीकमधल्या दीर्घ ए चा आता ई झालाय म्हणून पुस्तकात डेमेट्रियस दिसतं आणि रस्त्यात दिमित्रिस ऐकू येतं, नाव एकच.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, हाक मारताना शेवटचा स गळतो! दिमित्रिस आला, पण ए दिमित्री, इकडे ये. आपलं संबोधन असतं ना, मुलांनो, देवा, तसंच. मी पहिल्या वर्षी सगळ्यांना स सकट हाका मारायचे, माणसं वळून बघायची पण चेहऱ्यावर असं की ही वर्गात हजेरी घेतेय का. तुम्ही पहिल्याच दिवशी दिमित्री म्हणून हाक मारलीत तर व्याही खूश होतील, लिहून घ्या.

लाडाची नावं म्हणाल तर मित्सोस, मिमिस, दिमित्राकिस. मित्सोस जरा गावाकडचं, आपल्या पांडबासारखं. अमेरिकेत गेलेले ग्रीक स्वतःला जिमी म्हणवून घेतात, का ते मला आजवर पटलेलं नाही. मुलगी झाली की दिमित्रा.

तिफण
मी नगर जिल्ह्यातला, शेती करतो, ग्रीसला कधी गेलो नाही पण बागायतीच्या ट्रेनिंगला तिकडचा एक द्राक्षवाला भेटला होता, त्याचं नाव हेच. त्याने सांगितलेलं लक्षात राहिलंय. त्यांच्याकडे वर्षाचे दोन भाग, एक एप्रिलच्या २३ ला संत जॉर्ज आणि दुसरा ऑक्टोबरच्या २६ ला संत दिमित्रिओस. मेंढपाळ जॉर्जला डोंगरावर चढणार आणि दिमित्रिओसला खाली उतरणार, गड्यांचे करारही या दोन दिवसांवर. मी म्हटलं आमच्याकडे सालगड्याचं साल पाडव्याला सुटतं आणि पाडव्यालाच धरतं, तर तो एवढा हसला, म्हणाला मग तुम्ही आम्ही एकच. नवीन वाईनचं पिंपही बऱ्याच गावांत याच दिवशी फोडतात. आणि त्या सुमाराला थंडी पडायच्या आधी चार दिवस ऊन तापतं त्याला ते संत दिमित्रिओसचा छोटा उन्हाळा म्हणतात. आपली ऑक्टोबर हीटच की. शेवंतीलासुद्धा त्यांच्याकडे याच संताचं नाव आहे कारण ती तेव्हाच फुलते. आपल्याकडे दसरा-दिवाळीला शेवंती, तिकडे दिमित्रिओसला.

तर ताई, नाव चांगलं आहे. पिकाशी नातं सांगणारं नाव आहे.

अथेन्सची पायवाट
तिफणदादा, शेवंतीचं अगदी खरं, माझ्या बाल्कनीत आत्ता कळ्या धरल्यात.

जात्यावरची ओवी
सगळ्यांनी देवीचं नाव घेतलं पण तिची गोष्ट कुणी सांगितली नाही, आणि सदाफुलीताईंना तीच सांगायला हवी असं मला सारखं वाटतंय.

देमेतेरला एक लेक होती, पेर्सेफोनी. माळावर फुलं वेचत असताना जमीन दुभंगली आणि पाताळाचा राजा हेडिस तिला रथात घालून खाली घेऊन गेला. आईला हाक ऐकू आली, पण लेक कुठे गेली ते दिसलं नाही. नऊ दिवस हातात पेटत्या मशाली घेऊन ती रानोमाळ हिंडली, ना खाणं ना अंघोळ. मग म्हातारीचं रूप घेऊन एलेफ्सिना नावाच्या गावात विहिरीपाशी येऊन बसली. तिथल्या राजाच्या लेकींनी तिला घरी नेलं आणि तिने त्यांच्या तान्ह्या भावाला सांभाळलं. शेवटी तिने रागाने पीकच येऊ द्यायचं थांबवलं. पेरलेलं बी उगवेना. माणसं उपाशी आणि देवांचे नैवेद्य बंद, तेव्हा कुठे वरच्यांना जाग आली. लेक परत मिळाली, पण तिने खाली डाळिंबाचे दाणे खाल्ले होते म्हणून वर्षातला काही काळ तिला तिकडे राहावं लागतं. लेक खाली गेली की आई शोक करते आणि जमीन उजाड, लेक माहेरी आली की शिवार हिरवं.

आपल्या बायकांनी दळताना सासर-माहेरच्या ओव्या गायल्या, त्याच दुःखाची ही गोष्ट आहे. ताई, तुमची लेक लांब दिलेली आहे. तुमच्या नातवाच्या नावात जी आई बसलीये ती लांब गेलेल्या लेकीची वाट बघणारी आई आहे. मला तरी हे वाचल्यापासून तुमचीच आठवण येतेय.

सदाफुली
ओवीताई, काय लिहू. दोनदा वाचलं आणि मग फोन बाजूला ठेवून देवापाशी जाऊन बसले. सहा वर्षांत लेक तीनदा आली. एवढंच लिहिते आता.

खडूचा तुकडा
एलेफ्सिनाचा विषय निघालाच आहे म्हणून. इतिहासाचा मास्तर आहे, लांबण लागेल, माफ करा. अथेन्सपासून वीसेक किलोमीटरवर समुद्राकाठी आहे ते गाव, आता आजूबाजूला कारखाने आणि रिफायनरी. तिथे या मायलेकींच्या नावाने गुप्त दीक्षेचे उत्सव हजारएक वर्षं चालले, आत काय दाखवतात ते बाहेर सांगायला बंदी आणि लोकांनी ती इतकी पाळली की आजही नक्की कुणाला माहीत नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी रोमन सम्राट थिओडोसियसने जुन्या देवांची पूजा बंद केली आणि ते थांबलं.

पण खरी गोष्ट पुढची. १८०१ मध्ये एडवर्ड क्लार्क नावाचा एक इंग्रज प्रवासी तिथे पोचला तर गावाच्या खळ्यात एक मोठी संगमरवरी बाईची मूर्ती, डोक्यावर टोपली, आणि भोवती मानेपर्यंत शेणखत रचलेलं! गावकरी ख्रिश्चन, पण त्यांची श्रद्धा अशी की हिच्यामुळे आपल्या शेतात पिकतं, हिला हलवलं की शिवार गेलं. क्लार्कने तुर्क अधिकाऱ्याकडून परवानगी मिळवली. निघायच्या आदल्या संध्याकाळी जुवातून सुटलेला एक बैल मूर्तीवर धावून गेला, शिंगं मारली आणि पळत सुटला, तेव्हा तर लोक जास्तच हादरले. मूर्ती तरीही नेली. ज्या जहाजाने ती गेली ते इंग्लंडच्या किनाऱ्यापाशी बुडालं, मूर्ती मात्र बाहेर काढली आणि ती आता केंब्रिजच्या फिट्झविल्यम म्युझियममध्ये आहे. अभ्यासक आता म्हणतात की ती मुळात देवी नव्हे, देवळाच्या दारावरची खांबातली स्त्रीमूर्ती. असेना का. शेंदूर फासलेला दगड उचलून नेल्यावर आपल्या गावाला काय वाटेल ते आठवा म्हणजे त्या लोकांना काय वाटलं असेल ते कळेल. मला त्या क्लार्कचा अजूनही राग येतो.

मधली आळी
मला एक शंका आहे, आणि खरंच विचारतेय. ख्रिश्चन झाल्यावर जुन्या देवीच्या नावाचं मूल चर्चमध्ये कसं चालतं?

खडूचा तुकडा
चांगला प्रश्न. आता नाव देवीवरून ठेवतच नाहीत, संतावरून ठेवतात. संत दिमित्रिओस थेसालोनिकीचाच, म्हणजे सदाफुलीताईंच्या नातवाच्या गावचा. परंपरेप्रमाणे उमराव घरातला तरुण, ख्रिस्ताचा प्रचार करतो म्हणून रोमन काळात साधारण ३०६ च्या सुमाराला त्याला तिथल्या स्नानगृहात कोंडलं आणि भाले खुपसून मारलं. त्याच्या आईबापांनी नाव ठेवलं तेव्हा ते साधं रोजच्यातलं नाव होतं, देवी कुणाच्या डोक्यात नसणार. पुढे तो हुतात्मा झाला आणि नाव त्याचं झालं. देवी आत राहून गेली, बाहेर संत आला.

त्या स्नानगृहाच्या जागेवर त्याचं मोठं चर्च आहे, तळघरात जुने अवशेष बघता येतात. तुर्की अमदानीत चारशेहून जास्त वर्षं तिथे मशीद होती. १९१२ मध्ये ग्रीक सैन्याने शहर घेतलं ते नेमकं जुन्या पंचांगाच्या २६ ऑक्टोबरला, संताच्या दिवशी, त्यामुळे तिथल्या लोकांना ते त्याचंच देणं वाटतं. १९१७ च्या आगीत शहराचा मोठा भाग जळला, चर्चही जळलं, पण सातव्या शतकातली काही मोझेइक चित्रं वाचली. एकात संत मध्ये उभा आणि एका बाजूला बिशप, दुसऱ्या बाजूला शहराचा अधिकारी, दोघांच्या खांद्यावर हात टाकलेला, एवढा शांत चेहरा की बघत राहावं. सदाफुलीताई, गेलात तर ते बघितल्याशिवाय येऊ नका.

त्रिरश्मी
मी नाशिकचा आणि इतका वेळ गप्प बसलोय हेच नवल. मंडळी, हे नाव आपल्याकडे येऊन गेलंय! पांडवलेण्यांत १७ नंबरचं लेणं बघा. अर्धवट राहिलेलं आहे, पण व्हरांड्यात ब्राह्मीत मोठ्या अक्षरांत लेख आहे. दान देणारा इंद्राग्निदत्त, धर्मदेवाचा मुलगा, उत्तरेकडचा, योनक म्हणजे यवन, ग्रीक. आणि गाव कुठलं तर दात्तामित्री. बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे की हे गाव दिमित्रिओस या ग्रीक राजाच्या नावावरून पडलं, देमेत्रिओसचं आपल्या जिभेवर दत्तमित्र झालं. हा राजा बॅक्ट्रियाचा, म्हणजे आजच्या उत्तर अफगाणिस्तानाकडचा, इ.स.पू. २०० च्या सुमाराला हिंदुकुश ओलांडून इकडे आला, नाण्यावर त्याच्या डोक्यावर हत्तीच्या मस्तकाचं शिरस्त्राण आहे. पुढे त्याच नावाच्या एका राजाने नाणी काढली ती दोन भाषांत, एका बाजूला ग्रीक आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी लिपीत प्राकृत, महाराज अपराजित वगैरे बिरुदांसकट.

सदाफुलीताईंच्या भाच्याला मित्र ऐकू आला ना, दोन हजार वर्षांपूर्वीही तेच झालं असणार.

मधली आळी
त्रिरश्मी, माहिती छान पण मला जरा टोचतंय. परक्या नावात ओढूनताणून आपलं काहीतरी शोधायलाच हवं का? दात्तामित्री म्हणजे दिमित्रिओसच हे सिद्ध झालंय का? नाव त्यांचं आहे, त्यांचंच राहू द्या ना, तसंच सुंदर आहे.

त्रिरश्मी
मधली आळी, मान्य, शंभर टक्के सिद्ध नाही, म्हणून तर अभ्यासकांचं म्हणणं असं लिहिलं. नाव आपलं आहे असं मी म्हणत नाहीये. एका ग्रीक माणसाने नाशकात लेणं खोदवलं, त्याचं नाव इंद्राग्निदत्त आणि मुलाचं धर्मरक्षित, हे मात्र दगडात कोरलेलं आहे, त्यात माझी ओढाताण नाही. त्याच लेखात त्याने लेणं कशासाठी खोदवलं तेही आहे, मातापितरो उदिस, म्हणजे आईवडिलांसाठी. झोपाळाकाकांनी वर मेतेर आणि मातृचं सांगितलं तेव्हा मला पहिल्यांदा ही ओळच आठवली. लहानपणी आजोबांच्या बोटाला धरून ती अक्षरं बघितलीत, म्हणून एवढं भरून लिहिलं.

मधली आळी
हे पटलं. पुढच्या वेळी नाशिकला आले की बघते.

अथेन्सची पायवाट
ताई, एक राहिलं. इथे वाढदिवसापेक्षा नावाचा दिवस मोठा. २६ ऑक्टोबरला प्रत्येक दिमित्रिस आणि दिमित्राच्या घरी माणसं न बोलावता येतात, ख्रोन्या पोला म्हणायचं, म्हणजे पुष्कळ वर्षं जग, आपलं औक्षवंत हो. आणि बाप्तिस्मा होईपर्यंत बऱ्याच घरांत बाळाला नावच घेत नाहीत, बेबिस म्हणतात, म्हणजे बाळू. कागदावरही त्यांचं आपल्यासारखंच, स्वतःचं नाव, वडिलांचं, मग आडनाव. दुसरा नातू झाला तर आईच्या वडिलांचं नाव द्यायचीही रीत आहे, तुमची वही फेकू नका.

सदाफुली
थेसालोनिकीहून लिहितेय. परवा बाप्तिस्मा झाला. मोठ्या तांब्याच्या भांड्यात कोमट पाणी, त्यात तेल, आणि बाळाला उघडं करून तीनदा बुडवलं, माझा जीव वर-खाली. नंतर पाद्रीबाबांनी कात्रीने थोडे केस कापले, म्हटलं हे तर आपलं जावळच. नाव उच्चारलं ते नोनाने, म्हणजे धर्ममातेने, आत्याच्या जागी ती. मी शेजारी उभी राहून हळूच बाळाच्या कानात कुर्र केलं, कुणी काही म्हणालं नाही.

ते मोझेइकही बघून आले. खांद्यावर हात टाकलेला तोच. मास्तर, खरंच हलवेना तिथून.

रात्री सगळे जेवायला बसले आणि बाळ पाळण्यात कुरकुरायला लागलं म्हणून मी इकडून हाक मारली, दिमित्री! स गाळून, जोर मि वर, द हलका, सगळं शिकवल्याप्रमाणे. तर स्वयंपाकघरातून व्याही ओरडले, ने! मला वाटलं नाही म्हणतायत. लेक हसून म्हणाली आई, ने म्हणजे हो. ओ देतायत ते तुला. मग ते हात पुसत बाहेर आले आणि पाळण्याशी माझ्याशेजारी उभे राहिले. मला त्यांची भाषा येत नाही, त्यांना माझी. मी पाळण्याकडे बोट दाखवून दिमित्री म्हटलं, त्यांच्याकडे बोट दाखवून परत दिमित्री म्हटलं. मग त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाले, मितेरा. लेकीला विचारलं हे काय, तर म्हणे आई. झोपाळाकाका, तुमचंच मेतेर ते.

साखर लावलेल्या बदामांची पुडकी वाटतात इथे, प्रत्येकात पाच. जाऊबाईंसाठी एक आणि भाच्यासाठी एक बॅगेत ठेवलंय. २६ तारीख उरकली की निघेन, लेक उन्हाळ्यात बाळाला घेऊन पुण्याला येतेय, तिकीट काढून झालंय.